दारे धरणारा बिनतारी गडी

रब्बीच्या हंगामात रात्रीच्या पाळीची वीज आली की विहीर-बागायतदाराचा दिवस मध्यरात्रीच सुरू होतो. हातात विजेरी, खांद्यावर फावडे आणि पायाखाली ओला बांध अशा स्थितीत त्याला दारे धरावयास जावे लागते. वाफा भरला की दार मोडून पाणी पुढे लावावयाचे, अथवा ठिबक असेल तर एक व्हॉल्व्ह उघडून दुसरा बंद करावयाचा. ह्या कामात बळ फारसे लागत नाही. परंतु वेळेवर जागे असणे लागते. मण्यारीसारखे विषारी सर्प रात्रीच फिरतात. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर ह्या भागांत उसाच्या फडात बिबट्याचा वावर असतो. ओल्या हातांनी व अनवाणी पायांनी स्टार्टरला हात लावल्यामुळे होणारे अपघात तर प्रत्येक तालुक्यास परिचयाचे आहेत. केवळ एक खटका दाबण्यासाठी व एक व्हॉल्व्ह फिरविण्यासाठी कुटुंबातील कर्त्या माणसाने हा धोका पत्करावा, ही गोष्ट आता अपरिहार्य राहिलेली नाही.

बिनतारी संदेशाने मोटार चालविणारी व व्हॉल्व्ह उघडझाप करणारी साधने गेल्या काही वर्षांत लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात येऊ लागली आहेत. पूर्वी अशी व्यवस्था हरितगृहे व मोठे मळे ह्यांच्यापुरती मर्यादित होती. आज दोन एकर बागायत असणाऱ्या शेतकऱ्यासही तिचा विचार करता येतो. तथापि, साधन घेण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घेणे आवश्यक आहे. हे साधन म्हणजे न झोपणारा, न कंटाळणारा गडी होय. परंतु गड्याला काम सांगावे लागते. मालकालाच किती पाणी द्यावयाचे हे ठाऊक नसेल, तर असा गडी चुकीचे काम अत्यंत नेमाने करीत राहील.

वीज आली म्हणून पाणी

ह्या चुकीचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. अनेक पंपघरांत ‘ऑटो स्विच’ बसविलेला असतो. वीज आली की तो मोटार आपोआप सुरू करतो आणि वीज जाईपर्यंत ती चालू राहते. रात्रीचे जाणे टळले म्हणून शेतकरी निश्चिंत झोपतो. सकाळी पाहावे तो एकाच तुकड्यात आठ तास पाणी पडून गेलेले असते. अशा वेळी पिकास पाणी केव्हा व किती द्यावयाचे हे शेतकऱ्याने ठरविलेले नसते, पिकाच्या गरजेनेही ठरविलेले नसते. ते ठरविलेले असते विजेच्या वेळापत्रकाने.

ह्याचे परिणाम तीन प्रकारचे होतात. पहिला परिणाम जमिनीवर होतो. मुळांच्या खाली गेलेले पाणी आपल्याबरोबर नत्र घेऊन जाते, म्हणजे विकत आणलेले खत वाया जाते. भारी जमिनीत पाणी साचून राहते, मुळांना हवा मिळत नाही व वाफसा मोडतो. डाळिंबासारख्या पिकात सततची अतिरिक्त ओल मर रोगास पोषक ठरते. कृष्णाकाठच्या सांगली-कोल्हापूर भागातील क्षारपड व चोपण झालेली रानेही हेच सांगतात. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत वर्षानुवर्षे पाणी अधिक पडले, की पीक तर जातेच, पण जमीनही जाते.

दुसरा परिणाम विहिरीवर होतो. जे पाणी चैत्र-वैशाखात उपयोगी पडले असते ते पौषातच उपसले जाते. तिसरा परिणाम साऱ्या गावावर होतो. वीज येताच एका रोहित्रावरील सर्व मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या, तर रोहित्रावर भार पडतो, दाब उतरतो आणि मोटारी व रोहित्र जळण्याचा धोका वाढतो. म्हणूनच वीज वितरण कंपनी शेतकऱ्यांना ऑटो स्विच काढण्याचे व कपॅसिटर बसविण्याचे आवाहन करीत आली आहे.

शेतीस दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात 2017 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राबविली जात आहे व 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. ज्या वाहिन्यांवर दिवसाची वीज मिळते तेथे रात्रीचे हाल कमी होतात. परंतु दिवसा वीज आली म्हणून पाण्याचा हिशेब आपोआप सुधारत नाही. मोटार दिवसा आठ तास विनाकारण चालली, तरी होणारी हानी तीच असते.

आधी हिशेब, मग यंत्र

पाण्याचा हिशेब कठीण नाही. त्यास एक पिंप, एक घड्याळ व थोडी आकडेमोड पुरते. पंपाचे पाणी 200 लिटरच्या पिंपात सोडून ते किती सेकंदांत भरते ते पाहावे. हे मोजमाप तीन वेळा घेऊन सरासरी काढावी. ठिबक असल्यास मोजताना पाइपातील दाब नेहमीच्या कामाच्या दाबाइतका ठेवावा, कारण मोकळ्या तोंडाने पंप अधिक पाणी देतो. समजा, पिंप 50 सेकंदांत भरले. म्हणजे पंप सेकंदास 4 लिटर, अर्थात तासास 14,400 लिटर पाणी देतो.

आता रान घ्यावे. एक एकर क्षेत्र सुमारे 4,000 चौरस मीटर असते. म्हणून एक एकरावर 1 मिलिमीटर पाणी देणे म्हणजे सुमारे 4,000 लिटर पाणी देणे होय. हा एक आकडा प्रत्येक बागायतदाराने पाठ करून ठेवावा. पिकाची रोजची गरज ऋतू, पीक व वाढीची अवस्था ह्यांवर अवलंबून असते. थंडीत ती कमी व उन्हाळ्यात बरीच अधिक असते. समजा, भर वाढीच्या पिकास दररोज 5 मिलिमीटर पाणी द्यावयाचे आहे. तर एकरी गरज 20,000 लिटर व अर्ध्या एकराची 10,000 लिटर झाली.

ह्या रानात दोन नळ्यांमधील अंतर 1.5 मीटर, दोन तोट्यांमधील अंतर 40 सेंटिमीटर व तोटीचा प्रवाह तासास 4 लिटर आहे असे मानू. अर्ध्या एकरात सुमारे 3,333 तोट्या येतात व त्या तासास सुमारे 13,300 लिटर पाणी घेतात. ते पंपाच्या क्षमतेत बसते. म्हणजेच अर्ध्या एकराचा एक व्हॉल्व्ह एका वेळी उघडावा आणि 10,000 लिटर पडण्यास तो सुमारे 45 मिनिटे उघडा ठेवावा. दोन एकराचे चार भाग असल्यास सारे काम तीन तासांत पुरे होते.

आता ऑटो स्विचचा हिशेब पाहावा. त्याच अर्ध्या एकराचा व्हॉल्व्ह आठ तास उघडा राहिला तर सुमारे 1,06,000 लिटर पाणी पडते. ते 53 मिलिमीटर, म्हणजे दहा दिवसांहून अधिक दिवसांचे पाणी एका रात्रीत झाले. भारी काळ्या जमिनीत एक मीटर खोलीत पिकास मिळू शकेल असे पाणी साधारणपणे 150 ते 200 मिलिमीटर मावते. मुळे 45 सेंटिमीटरपर्यंत असतील तर त्या थरात 70 ते 90 मिलिमीटर मावते, आणि त्यातील बरेचसे आधीच भरलेले असते. ठिबकाचे पाणी तर नळीच्या काठच्या पट्ट्यातच मुरते. उरलेले पाणी खाली जाणार, हे उघड आहे. हलक्या मुरमाड रानात ही हानी ह्याहूनही अधिक होते.

पिकाची गरज काढण्यासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले इरिगेशन शेड्युलर’ हे मोबाइल उपयोजन तयार केले आहे. ज्यांना आकडेमोड अवघड वाटते त्यांनी ते वापरावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ते शेतकऱ्याच्या मोबाइलवर घेऊन, त्याच्याच पिकाची माहिती भरून दाखवावी.

साधनाची अंगे

बिनतारी सिंचन व्यवस्थेची चार अंगे असतात. पहिले अंग म्हणजे पंपघरातील मोटार-नियंत्रक. हा नेहमीच्या स्टार्टरला जोडला जातो व मोबाइलच्या संदेशाने मोटार चालू-बंद करतो. त्यात सिम कार्ड असते. चांगल्या नियंत्रकात तीन संरक्षणे अवश्य असावीत: एक फेज गेल्यास मोटार बंद होणे, विहिरीचे पाणी तळाशी गेल्यास मोटार कोरडी न चालणे, आणि दाब फार कमी वा अधिक झाल्यास मोटार थांबणे. ही तीन संरक्षणे एखादी मोटार जळण्यापासून वाचवितात, आणि तेवढ्यानेही साधनाच्या किमतीचा मोठा भाग भरून निघू शकतो.

दुसरे अंग म्हणजे रानातील व्हॉल्व्ह. ह्यावर एक लहान विद्युत्‌-गुंडाळी असते, तिला सोलेनॉइड म्हणतात. सोलेनॉइडचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारास व्हॉल्व्ह उघडा असेपर्यंत सतत वीज द्यावी लागते, म्हणून त्यास पंपघरापासून तार ओढावी लागते. दुसऱ्या प्रकारास, ज्यास लॅचिंग सोलेनॉइड म्हणतात, उघडताना व मिटताना फक्त क्षणभर वीज लागते. तो लहान बॅटरीवर व वीतभर सौरपट्टीवर बराच काळ चालतो. बिनतारी कामासाठी हा दुसरा प्रकारच योग्य होय. खरेदी करताना हा फरक स्पष्टपणे विचारावा.

तिसरे अंग म्हणजे ह्या दोहोंमधील बिनतारी दुवा. प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळे सिम कार्ड घालणे परवडत नाही. घरात वापरले जाणारे वाय-फाय रानात थोड्या अंतरापलीकडे पोहोचत नाही. म्हणून ‘लोरा’ नावाची पद्धत उपयोगी पडते. फ्रान्समधील ग्रनोबल येथील सायक्लिओ ह्या लहान कंपनीने ती विकसित केली आणि 2012 मध्ये सेमटेक ह्या अमेरिकन कंपनीने ती कंपनी विकत घेतली. लोरावरून गाणे वा चित्र पाठविता येत नाही. पण ‘व्हॉल्व्ह तीन उघडा’ एवढा चिमुकला निरोप अत्यंत थोड्या विजेत, मोकळ्या रानात काही किलोमीटर जाऊ शकतो. भारतात 865 ते 867 मेगाहर्ट्झ ह्या पट्ट्यात ठराविक मर्यादेच्या शक्तीची मान्यताप्राप्त उपकरणे परवान्याशिवाय वापरता येतात, त्यामुळे शेतकऱ्यास दरमहा काही भरावे लागत नाही.

चौथे अंग म्हणजे जमिनीतील ओल सांगणारा संवेदक. हे अंग सर्वांत आकर्षक वाटते, परंतु ते सर्वांत शेवटी बसवावे. त्याचे कारण पुढे दिले आहे.

निरोप आणि पोच

टपालाने महत्त्वाचे कागद पाठविताना आपण पोच मागतो. बिनतारी सिंचनातही हाच नियम पाळावयास हवा. नियंत्रकाने ‘व्हॉल्व्ह दोन उघडा’ असा निरोप पाठविला व व्हॉल्व्हकडून ‘उघडला’ अशी पोच आली, तरच मोटार सुरू व्हावी. पोच आली नाही तर नियंत्रकाने पुन्हा निरोप पाठवावा. तरीही पोच न आल्यास मोटार बंद ठेवून शेतकऱ्यास कळवावे. ज्या साधनात पोच येण्याची सोय नाही, ते स्वस्त असले तरी घेऊ नये. सर्व व्हॉल्व्ह मिटलेले असताना मोटार सुरू झाल्यास पाइप फुटतो, आणि एका रात्रीच्या त्या नुकसानीत वाचविलेले पैसे निघून जातात.

लॅचिंग व्हॉल्व्हचा एक दोषही ध्यानात ठेवावा. बॅटरी संपली तर तो ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत राहतो. उघडा असताना बॅटरी संपली तर तो उघडाच राहील. म्हणून पाणी थांबविण्याचा अंतिम अधिकार मोटार-नियंत्रकाकडे असावा. ठरलेली मिनिटे संपताच, रानातील स्थिती काहीही असो, मोटार बंद झालीच पाहिजे.

व्हॉल्व्ह बदलण्याचा क्रमही ठरलेला असावा. आधी पुढचा व्हॉल्व्ह उघडावा, मग मागचा मिटावा. आणि शेवटी आधी मोटार थांबवावी, मग शेवटचा व्हॉल्व्ह मिटावा. जाणता गडी हाताने हेच करीत असतो. यंत्रास ते सांगून ठेवावे लागते.

वीज मध्येच जाण्याचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. 45 मिनिटांच्या पाळीपैकी 20 मिनिटे झाली असता वीज गेली, तर साधनाने उरलेली 25 मिनिटे स्मरणात ठेवून वीज परत येताच तेथूनच पुढे काम सुरू करावे. घड्याळाचे ठोके न मोजता पाणी प्रत्यक्ष चालू असलेली मिनिटे त्याने मोजली पाहिजेत. साध्या टायमरमध्ये व चांगल्या नियंत्रकात हाच मोठा फरक आहे. त्याचप्रमाणे वीज आल्यावर लगेच मोटार सुरू न करता काही मिनिटे थांबण्याची सोय त्यात असावी. एका रोहित्रावरील शेतकऱ्यांनी आपसांत ठरवून प्रत्येकाचा विलंब वेगळा ठेवल्यास सर्व मोटारींचा भार एकदम पडत नाही.

जमिनीला विचारावे, पण जपून

जाणते शेतकरी मूठभर माती दाबून पाहतात. गोळा होतो काय, तो टाकला असता फुटतो काय, हाताला चिकटतो काय, ह्यावरून ते वाफसा ओळखतात. ओलीचा संवेदक हेच काम आकड्यांनी करतो. टेन्शिओमीटर हे त्यांतील जुने व विश्वासू साधन होय. त्याच्या टोकास सच्छिद्र मातीचा पेला असतो व माती पाणी किती जोराने धरून ठेवते ते त्याच्या घड्याळावर दिसते. अलीकडे मिळणारे स्वस्त संवेदक मातीतील विद्युत्‌-गुणांवरून ओलीचा अंदाज देतात.

ह्या स्वस्त संवेदकांचा आकडा एका रानात एक व दुसऱ्या रानात दुसरा येतो. कारण माती, क्षार व खते ह्यांचा त्यावर परिणाम होतो. म्हणून संवेदक आपल्याच रानात पारखून घ्यावा. चांगले पाणी देऊन भारी रानात दोन दिवसांनी, हलक्या रानात एका दिवसाने वाफसा आल्यावर जो आकडा दिसेल तो लिहून ठेवावा. नंतर पाणी देण्याची वेळ झाली असे हाताच्या परीक्षेने वाटेल त्या दिवशीचा आकडा लिहावा. पाणी सुरू करण्याची व थांबविण्याची मर्यादा ह्या दोन आकड्यांच्या आधारे ठरते. विक्रेत्याने छापून दिलेल्या आकड्यावर विसंबू नये.

काळ्या जमिनीत आणखी एक अडचण येते. ती वाळताना आक्रसते व तिला भेगा पडतात. संवेदकाजवळ भेग पडली तर त्याच्याभोवती माती न राहता हवा राहते. मग रान ओले असूनही तो ‘कोरडे’ असे सांगतो, आणि यंत्र इमानाने पाणी देत सुटते. म्हणून संवेदक बसविताना त्याच मातीचा चिखल करून तो घट्ट बसवावा, मुळांच्या पट्ट्यात तोटीपासून थोड्या अंतरावर बसवावा, आणि शक्य तर एक उथळ व एक खोल असे दोन बसवावेत. खोल संवेदकाचा आकडा प्रत्येक पाळीनंतर ओलीकडे सरकू लागला, तर पाणी मुळांखाली जात आहे असे समजावे.

ह्या साऱ्या कारणांमुळे पहिल्या हंगामात संवेदकाच्या हाती मोटार देऊ नये. त्याने फक्त सांगावे व शेतकऱ्याने ठरवावे. दोघांचे मत हंगामभर जुळले, तर पुढील हंगामात त्याच्यावर अधिक काम सोपवावे. नव्या गड्यालाही आपण पहिल्याच दिवशी सारे रान सोपवीत नाही.

खर्च पायरीपायरीने

सारी व्यवस्था एकदम विकत घेण्याची गरज नाही. पहिली पायरी मोटार-नियंत्रकाची. त्यास काही हजार रुपये खर्च येतो. तो बसविल्यावर रात्री मोटारीसाठी जाणे थांबते व ठरलेल्या मिनिटांनंतर पाणी थांबते. लहान क्षेत्र असेल व व्हॉल्व्ह दिवसाच ठरवून ठेवता येत असतील, तर अनेकांचे काम ह्याच पायरीवर भागते. दुसरी पायरी मोजमापाची. पाइपावर जलमापक बसविल्यास रोज किती लिटर पाणी गेले ते दिसते. तिसरी पायरी बिनतारी व्हॉल्व्हची व चौथी संवेदकाची.

लोरा यंत्रणेचे मुख्य केंद्र शेजाऱ्यांनी मिळून घेतल्यास खर्च विभागला जातो. एका उंच ठिकाणच्या, उदाहरणार्थ घराच्या माळवदावरील, केंद्रातून परिसरातील अनेकांचे व्हॉल्व्ह चालू शकतात. भाऊबंदांची सामाईक विहीर असेल तेथे ह्याचा आणखी एक लाभ आहे. कोणाची पाळी किती मिनिटे चालली ह्याची नोंद यंत्रात राहते, व पाण्यावरून होणारी कुरबुर कमी होते.

काही तरुण शेतकरी सुटे भाग आणून स्वतःच अशी यंत्रे जुळवितात. ह्या कामी लागणारी लहान नियंत्रक पट्टी व लोराचा भाग काही शे रुपयांत मिळतो. ही हौस स्तुत्य आहे. तथापि, शेतात खर्च भागांवर कमी व रक्षणावर अधिक होतो. पाऊस, धूळ, मुंग्या व उष्णता ह्यांपासून वाचविणारी बंद पेटी, पिकाच्या शेंड्यापेक्षा उंच असा अँटेना, आणि विजांच्या कडकडाटापासून संरक्षण ह्यांवाचून घरच्या मेजावर उत्तम चालणारे यंत्र रानात पहिल्या वळवाबरोबर बंद पडते. अँटेना न जोडता लोराचा भाग कधीही चालू करू नये. त्याने तो निकामी होण्याचा संभव असतो. वाढलेल्या उसात संदेशाचा पल्ला घटतो, म्हणून पल्ल्याची परीक्षा रान मोकळे असताना न घेता पीक उभे असताना घ्यावी.

खरेदीपूर्वी आणखी दोन प्रश्न विचारावेत. पंपघरापाशी त्या सिम कार्डाची रेंज आहे काय? आणि यंत्र बिघडल्यास तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्ती करणारा माणूस आहे काय? पाणी तुंबलेल्या पिकास आठ दिवस वाट पाहता येत नाही.

जिवाची काळजी प्रथम

शेतीपंपाची तीन फेजची वीज प्राणघातक असते. तेथील जोडणी परवानाधारक वीजतंत्र्याकडूनच करून घ्यावी. बिनतारी यंत्रातील लहान रिले मोटारीचा प्रवाह वाहण्यासाठी नसतो. तो स्टार्टरच्या गुंडाळीलाच जोडावयाचा असतो. मोटार व पेटी ह्यांची अर्थिंग उत्तम असावी.

दुरून मोटार सुरू होऊ शकते, ह्यातही एक नवा धोका आहे. पंपघरात एक जण मोटार दुरुस्त करीत असता घरातील दुसऱ्याने मोबाइलवरून ती सुरू केली, तर प्राणावर बेतेल. म्हणून दुरुस्तीपूर्वी मुख्य खटका पाडून, फ्यूज काढून ते आपल्या खिशात ठेवावेत. पंपघरात ‘ही मोटार आपोआप सुरू होते’ अशी पाटी ठळक अक्षरांत लावावी. यंत्र बंद पडल्यास हाताने मोटार व व्हॉल्व्ह चालविण्याची सोय नेहमी राखावी.

गावपातळीवरील काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ह्या विषयाची सुरुवात यंत्र दाखवून करू नये. आधी एका शेतकऱ्याच्या विहिरीवर पिंप व घड्याळ घेऊन पंपाचे पाणी मोजून दाखवावे. मग त्याच रानात खड्डा घेऊन ओल किती खोल गेली ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आणावे. मुळांच्या खाली हातभर चिखल दिसला की पाण्याचा अपव्यय सांगण्यास भाषणाची गरज उरत नाही. त्यानंतर यंत्राची चर्चा करावी.

फिल्टर स्वच्छ ठेवण्यावर विशेष भर द्यावा. विद्युत्‌-व्हॉल्व्हमधील पाण्याची वाट अत्यंत बारीक असते. वाळूचा एक कण अडकला तरी तो नीट मिटत नाही. उंदीर व खारी बारीक नळ्या कुरतडतात, सौरपट्टीवर धूळ बसते, तोट्या तुंबतात. म्हणून यंत्र बसविल्यावरही आठवड्यातून एकदा रानात फेरी आवश्यकच आहे. फरक एवढाच की ती फेरी दिवसाउजेडी, पीक पाहत पाहत करता येते.

पाणी धरण्याचे कष्ट यंत्राने घ्यावेत; पीक पाहण्याचे काम शेतकऱ्यानेच करावे. पानाचा रंग, शेंड्याची वाढ, मुठीतील मातीचा गोळा ह्यांचा अर्थ लावणारे डोळे कोणत्याही पेटीत बसविता येत नाहीत. ज्या शेतकऱ्यास आपल्या पंपाचे लिटर, आपल्या रानाची खोली व आपल्या पिकाची गरज ठाऊक आहे, त्याच्या हाती हा बिनतारी गडी मोठा उपयोगी पडेल. त्याने येत्या हंगामापूर्वी निदान पिंप भरण्यास लागणारे सेकंद मोजून पंपघराच्या भिंतीवर लिहून ठेवावेत. त्यास काहीही खर्च येत नाही, आणि पुढील साऱ्या व्यवस्थेचा पाया तोच आहे.